भावाला बांधलं होतं, आता तो आमच्याशी बोलत नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. तीन आठवडे तो जवळजवळ झोपला नव्हता. शेजाऱ्यांनी आपल्या डोक्यात यंत्र बसवलंय असं म्हणायचा. शेवटी एका रात्री वडील शेजाऱ्यांना सामील आहेत म्हणून त्यांच्यावर विळा उगारला. आम्ही त्याला जिल्ह्याच्या गावी एका खासगी मनोरुग्णालयात त्याच्या मनाविरुद्ध दाखल केलं. सही माझी होती. पहिल्या रात्री त्याचे हातपाय पलंगाला बांधले होते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी त्याच्या मनगटावरच्या वळांवरून कळलं. सतरा दिवसांनी तो घरी आला. गोळ्या घेतो, बराच सावरलाय, पण आईशी आणि माझ्याशी एक अक्षर बोलत नाही. कायद्यानं असं बांधता येतं का? आम्ही चुकलो का? पुन्हा तशी वेळ आली तर काय करायचं?"

ताई, सही तुमची होती म्हणून सगळं ओझं तुम्ही एकटीनं डोक्यावर घेतलंय, ते आधी खाली ठेवा. तीन आठवडे न झोपलेला, डोक्यात यंत्र आहे असं ठाम मानणारा आणि त्यापायी बापावर विळा उगारणारा मुलगा त्या रात्री तुम्ही घरात सांभाळू शकला नसता. दाखल करण्यात तुमची चूक नाही. मी अठ्ठावीस वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतोय, सुरुवातीची वर्षं सरकारी वॉर्डात आणि नंतर एका छोट्या खासगी रुग्णालयात. तुमच्या जागी माझी सख्खी बहीण असती तरी मी हेच सांगितलं असतं.

बांधण्याबद्दल मात्र मी इतकं सरळ उत्तर देऊ शकत नाही. कुणाच्या आदेशानं बांधलं, त्याआधी काय काय करून पाहिलं, किती वेळ, कशानं, शेजारी कोण बसलं होतं आणि सोडल्यावर त्याच्याशी कोण बोललं, यावर ते ठरतं. यातलं काहीच तुमच्या पत्रात नाही, कारण तुम्हाला कुणी सांगितलंच नसणार. मी पाहिलेली माणसं पुढे वर्षानुवर्षं जे मनात धरून बसली, ते बहुतेक वेळा यातल्या शेवटच्या दोन गोष्टींमुळे.

आधी कायदा सांगतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. भारतानं अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ साली मान्य केला, त्याला धरून हा कायदा आला, आणि त्याच्या मसुद्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या तज्ज्ञांचा मोठा हात होता. त्याआधीच्या १९८७ च्या कायद्यात नातेवाइकाचा अर्ज आणि डॉक्टरांचे दोन दाखले एवढ्यावर माणूस ९० दिवस आत राहू शकायचा. नवा कायदा दुसऱ्या टोकापासून सुरू होतो. आजारी माणूससुद्धा स्वतःच्या उपचारांचा निर्णय घेऊ शकतो असं धरून चाला, म्हणतो. सांगितलेलं त्याला समजतं का, 'हो' किंवा 'नाही' म्हटल्यावर पुढे काय होईल याचा अंदाज त्याला येतो का, आणि स्वतःचा निर्णय तो बोलून, लिहून, खुणेनं कसाही सांगू शकतो का, एवढंच डॉक्टरनं तपासायचं. त्याचा निर्णय आपल्याला पटत नाही म्हणून त्याला निर्णय घेताच येत नाही, असं म्हणायची सोय या कायद्यानं ठेवलेली नाही.

मनाविरुद्ध दाखल करण्याचं कलम ८९ वं. कायदा त्याला 'सपोर्टेड अ‍ॅडमिशन' म्हणतो. त्यासाठी आजार गंभीर हवा, आणि तीनपैकी एक गोष्ट नुकतीच घडलेली हवी: स्वतःच्या जिवाला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, दुसऱ्यावर हात उगारणं किंवा दुसऱ्याला तशी भीती वाटेल असं वागणं, किंवा स्वतःचं खाणंपिणं, देखभाल इतकी सुटणं की त्यातून धोका व्हावा. तुमच्या भावाच्या बाबतीत दुसरी अट पुरी होते, याबद्दल मला शंका नाही. मग दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासायचं, भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. आणि यापेक्षा कमी बंधनाचा दुसरा मार्ग उरलेला नाही, हेही बघायचं.

तुम्ही जी सही केलीत ती 'नामनिर्देशित प्रतिनिधी' म्हणून. भावानं स्वतः कुणाला नेमलेलं नव्हतं, म्हणून कायद्यातल्या क्रमानं ती जागा नातेवाइकाकडे आली. हे पद नुसतं सहीचं नाही. तो आत असताना त्याच्या वतीनं प्रश्न विचारायचा, उपचारांची माहिती घ्यायचा, त्याला काय हवंय ते डॉक्टरांच्या कानावर घालायचा हक्क तुम्हाला होता. फॉर्म पुढे सरकवताना हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, तर ती त्यांची कसूर.

अशी भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची. दर सात दिवसांनी त्याची निर्णयक्षमता पुन्हा तपासायची, आणि ती परत आली की त्या क्षणापासून राहायचं की जायचं हे त्याचं तो ठरवणार. म्हणजे सतरा दिवसांत निदान दोनदा तरी ही तपासणी केसपेपरवर लिहिलेली असायला हवी. भरतीची खबर सात दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे या कायद्याखाली रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाला, द्यायची (बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत). भरती चुकीची वाटली तर रुग्ण स्वतः किंवा प्रतिनिधी मंडळाकडे दाद मागू शकतो, त्याला फी नाही, आणि मंडळानं सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ३० दिवसांच्या पुढे ठेवायचं तर दोन मनोविकारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते. तुमच्यावर ती वेळ आली नाही.

आता बांधण्याकडे येतो. कलम ९५ म्हणतं, साखळीनं किंवा बेडीनं कुणालाही, कुठल्याही प्रकारे जखडायचं नाही. याला एकही अपवाद ठेवलेला नाही. या एका वाक्यामागे माणसं जळून मेलेली आहेत. ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. आतली माणसं पलंगांना आणि खांबांना साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. मी तेव्हा सरकारी वॉर्डात काम करत होतो. वर्तमानपत्रातला तो फोटो मी आमच्या वॉर्डातल्या फळ्यावर लावला होता, आणि पुढे किती तरी दिवस रात्रपाळीला कुणी दोरी मागितली की सिस्टर नुसती त्या फळ्याकडे मान वळवायच्या.

कलम ९७ बांधण्याबद्दल आहे. एकट्या खोलीत कोंडून ठेवायला पूर्ण मनाई. बांधता येतं, पण समोर उभा असलेला, लगेच घडणारा धोका टाळायला दुसरा काहीच इलाज उरला नसेल तेव्हाच, आणि रुग्णाची जबाबदारी असलेल्या मनोविकारतज्ज्ञाच्या मंजुरीनंच. वेळ लागेल तेवढीच, मिनिटभरही जास्त नाही. कशानं बांधलं, का बांधलं, किती वेळ, हे सगळं केसपेपरवर लिहायचं. प्रतिनिधीला, म्हणजे तुम्हाला, २४ तासांच्या आत कळवायचं. बांधलेल्या माणसावर वैद्यकीय कर्मचाऱ्याची सतत नजर हवी. शिक्षा म्हणून, धाक म्हणून बांधायचं नाही. आणि हे कायद्यात शब्द घालून लिहिलेलं आहे: माणसं कमी आहेत एवढ्याच कारणानं बांधायचं नाही. महिन्यातल्या अशा सगळ्या घटनांचा अहवाल मंडळाकडे जायला हवा.

तुम्हाला वळांवरून कळलं, याचा अर्थ निदान तोवर तरी तुम्हाला कुणी कळवलेलं नव्हतं. तेवढ्यावरून बांधणंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण बांधल्यानंतर जे करायचं असतं त्यात त्यांच्याकडून कुचराई झाली असावी, असं मला वाटतं. शिवाय वळ. मऊ, रुंद कापडी पट्टा, आत कापूस आणि दोन बोटं सहज जातील एवढी सैल जागा ठेवून बांधलं, तर सहसा वळ उठत नाहीत. वळ उठतात ते दोरीनं, पिळलेल्या चादरीनं, नाहीतर बराच वेळ तसंच ठेवल्यानं.

हे काम नीट कसं होतं तेही सांगतो, म्हणजे पुढे कुठल्याही दवाखान्यात गेलात तर काय विचारायचं ते कळेल. सुरुवात बोलण्यापासून. एकच माणूस बोलतो, बाकीचे गप्प. दोन हात अंतर ठेवून, थोडं तिरकं उभं राहून, दार त्याला मोकळं दिसेल असं. "काय हवंय?" हा प्रश्न "शांत बस"पेक्षा दहापट कामाचा. पाणी, चहा, बिडी मागणारा माणूसही त्यानं थोडा निवतो. गोळी घेतोस का, ही की ती, हेही विचारायचं. निवड त्याच्या हातात राहिली की निम्मी लढाई संपते. आमच्याकडे आलेल्या दहा चिडलेल्या माणसांपैकी बहुतेक याच पायरीवर खाली बसतात. मात्र त्यासाठी अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो आणि घाई नसलेला माणूस लागतो.

याच वेळी डॉक्टरच्या डोक्यात दुसरा विचार चालू हवा: हा मनाचाच आजार आहे ना? दारू अचानक तुटलेला माणूस तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे बघतो, थरथरतो, मारायला धावतो. साखर उतरलेला मधुमेही शिव्या देतो. डोक्याला मार लागलेला, रक्तातलं सोडियम उतरलेला म्हातारा रात्री पलंगावरून उड्या मारतो. यांना बांधून इंजेक्शन देऊन झोपवलं तर सकाळी ते उठणारही नाहीत. म्हणून बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर बघणं, ताप, नाडी, रक्तदाब बघणं, हे आमच्याकडे बांधायचा पट्टा हातात घेण्याच्या आधी. तुमच्या भावाची साखर त्या रात्री पाहिली होती का, हेही केसपेपरवर बघा.

इंजेक्शन द्यायची वेळ आली तर हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र, हे आपल्याकडचं जुनं आणि चांगलं तपासलेलं औषध. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यावर रीतसर अभ्यास झालेले आहेत. पंधरा-वीस मिनिटांपासून तासाभरात माणूस निवायला लागतो. धरायचं तर पाच माणसं: दोन हातांना दोन, दोन पायांना दोन, आणि पाचवा डोक्याशी. हा पाचवा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो बोलत राहतो आणि श्वासावर लक्ष ठेवतो. पालथं पाडून पाठीवर गुडघा द्यायचा नाही, कधीच नाही. त्यानं श्वास कोंडून माणसं मेलेली आहेत, आणि मरताना ती ओरडत नाहीत, 'शांत' झाल्यासारखी दिसतात. उताणं, उशाकडून थोडं उंच ठेवायचं, म्हणजे उलटी झाली तर घशात जात नाही. मग दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग, नाडी, श्वास बघायचा. पाणी विचारायचं, लघवीचं भांडं द्यायचं, अंगावर पांघरूण नीट आहे का बघायचं. निवला की एकेक पट्टा सोडत जायचं, चारही सुटेपर्यंत कुणी हलायचं नाही.

हे सगळं मला कॉलेजात शिकवलं गेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर असताना एका सरकारी रुग्णालयात मी एका टेम्पोचालकाला बांधायला लावलं होतं. वय तिशीच्या आत. त्यानं वॉर्डातल्या मामांच्या, म्हणजे वॉर्डबॉयच्या, अंगावर सलाइनचा स्टँड फेकला होता. त्या घडीला बांधणं बरोबर होतं, आजही मला तसंच वाटतं. मी सही केली आणि कॅज्युअल्टीतून बोलावणं आलं म्हणून निघून गेलो. चाळीस रुग्णांवर एक सिस्टर आणि दोन मामा, त्यातला एक जखमी. परत आलो तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. पाच तासांहून जास्त वेळ गेला होता. तो जागा होता, छताकडे बघत होता, अंथरूण ओलं होतं. मी पट्टे सोडले, मावशींना चादर बदलायला सांगितली आणि त्याच्याशी एक शब्दही न बोलता पुढच्या पलंगाकडे गेलो.

त्यानंतर तो सात वर्षं माझ्याकडेच ओपीडीला यायचा. बरा होता, गाडी पुन्हा चालवत होता. एकदा दिवाळीच्या आधी चिवडा घेऊन आला आणि निघताना दाराशी थांबून म्हणाला, "डॉक्टर, त्या रात्री माझ्या नाकावर माशी बसत होती. उडवायला हात नव्हता. मी सगळ्यांना हाका मारल्या. कुणीतरी येऊन नुसती माशी उडवली असती ना, तरी मला चाललं असतं." मग म्हणाला, "मी स्टँड का फेकला, ते तुम्ही कधी विचारलंच नाही." मी त्याला आत बसवलं आणि सात वर्षांनी विचारलं. त्या स्टँडवर साप चढताना त्याला दिसत होता. मामांना वाचवायला म्हणून त्यानं तो भिरकावला होता.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. ज्याला बांधावं लागलं त्याच्याजवळ, तो भानावर आल्यावर २४ तासांच्या आत, ज्यानं सही केली त्यानंच खुर्ची घेऊन बसायचं. काय घडलं ते त्याला सांगायचं, त्याला काय आठवतं ते ऐकायचं, आणि "तुला त्रास झाला, मला वाईट वाटतं" हे तोंडानं म्हणायचं. आणि बांधलेलं असेपर्यंत एक माणूस पलंगाशेजारी स्टुलावर बसलेला हवा. खिडकीतून बघणं नाही, कॅमेऱ्यावर बघणं तर नाहीच.

माणसं कमी आहेत हे कारण कायद्याला चालत नाही, पण खरं कारण पुष्कळदा तेच असतं. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय २,५४० खाटांचं, ठाण्याचं १,८५० खाटांचं. शंभरेक वर्षांपूर्वीच्या कल्पनेनं उभारलेल्या या अवाढव्य जागा, आणि तिथे रात्रीच्या पाळीला जिवापाड राबणारी मोजकी माणसं. खासगीत तरी वेगळं काय? वीस खाटांच्या रुग्णालयात रात्री एक ब्रदर आणि एक वॉचमन असेल, तर चिडलेल्या माणसाशी अर्धा तास बोलणार कोण? मी त्या ब्रदरला दोष देत नाही. रात्रीला तीन माणसं न ठेवता मनोरुग्णालय चालवणाऱ्याला देतो, आणि तपासणीला येऊन नुसती रजिस्टरं बघणाऱ्याला देतो. पुण्याच्या बापू ट्रस्टसारख्या संस्था म्हणत आल्या आहेत की उपचारातली बळजबरी मुळातच अन्याय आहे. मी त्यांच्याइतका पुढे जाऊ शकत नाही, कारण विळा उगारलेली रात्र मी पाहिलेली आहे. पण त्यांच्याशी बोलून उठलो की दर वेळी मला आमच्या वॉर्डात टाळता आली असती अशी एखादी बांधणी आठवते.

आता तुमच्या भावाचं मौन. तो रागावला आहे म्हणून गप्प आहे असं तुम्ही धरलंय. असेलही. पण माझ्या ओळखीचं दुसरंही एक मौन आहे, लाजेचं. आपण बापावर विळा उगारला हे त्याला आता आठवत असणार. आपल्याला जनावरासारखं बांधलेलं घरच्यांनी पाहिलं असणार, असंही त्याला वाटत असेल. औषधांनी येणारी सुस्तीही थोडी असेल, ती डॉक्टरांना सांगून बघा, मात्रा बदलता येते. तुम्ही मात्र त्यानं बोलावं म्हणून वाट बघू नका. तुम्ही बोला. आईला पुढे करू नका, सही तुमची होती तर तुम्ही जा. गच्चीवर, शेतावर, दुचाकीवर मागे बसून, कुठेही, फक्त समोरासमोर बसून डोळ्यात बघत नको. असं काहीतरी म्हणा: "त्या रात्री मी सही केली. मला तुझी भीती वाटली आणि तुझ्यासाठीही भीती वाटली. तुला बांधणार आहेत हे मला माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हाही मी तुला विचारलं नाही, ते माझं चुकलं. तुला सांगायचं असेल तेव्हा सांग, मी ऐकेन." एवढंच. 'पण' लावू नका. "पण तूही विळा..." असं वाक्य आलं की सगळं मातीत गेलं. तो गप्प राहिला तरी चालेल. आठवड्यानं पुन्हा जा, हवं तर फक्त शेजारी बसा.

एक प्रश्न त्याला केव्हातरी जरूर विचारा: तुला दवाखान्यात नेलं कसं? तुम्ही ते लिहिलेलं नाही. "पोट दुखतंय ना, चल डॉक्टरकडे" असं खोटं सांगून आणलेली, चहातून झोपेची गोळी देऊन गाडीत घातलेली माणसं मी रोज बघतो. घरच्यांची अगतिकता मला समजते. पण ज्याचा आजारच 'माझ्याविरुद्ध कट आहे' असा आहे, त्याच्याविरुद्ध आपण खरोखरचा कट केला तर पुढे त्याला खोटं कसं पाडणार? नंतर घरच्या चहाला हात न लावणारी माणसं असतात, बरी झाल्यावरसुद्धा. तसं काही केलं असेल तर त्याचीही कबुली याच बोलण्यात द्या. आणि यापुढे त्याच्या खाण्यापिण्यात लपवून काही घालू नका.

रुग्णालयाकडून केसपेपरच्या प्रती मागा. आपल्या नोंदी मिळवण्याचा हक्क कलम २५ नं रुग्णाला दिलेला आहे, म्हणून अर्ज शक्यतो भावाच्या सहीनं जाऊ दे, आणि त्याला नको असेल तर मागू नका. त्यात बांधल्याची नोंद, वेळ, कारण, कुणाची सही हे बघा. नोंदच नसेल किंवा कारण पटत नसेल, तर आधी तिथल्या मुख्य डॉक्टरांना भेटा. भांडायला म्हणून जाऊ नका, "त्या रात्री काय झालं ते आम्हाला आणि त्याला सांगा" म्हणून जा. भला डॉक्टर असेल तर बसून सांगेल. टोलवाटोलवी झाली तर मंडळाकडे तक्रार करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, मानसिक आजार असलेल्या माणसाचा तो कायद्यानं हक्कच आहे.

पुन्हा वेळ आली तर, या प्रश्नाची तयारी आज करायची, तो बरा आहे तोवर. कायद्यात 'आगाऊ निर्देश' नावाची सोय आहे आणि ती आपल्याकडे फार कमी लोक वापरतात, याची मला मनापासून खंत वाटते. पुढे कधी निर्णय घेण्याच्या स्थितीत मी नसलो तर माझ्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत आणि माझा प्रतिनिधी कोण, हे त्यानं स्वतः लिहून ठेवायचं. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, प्रतिनिधीची सही घ्यायची आणि मंडळाकडे नोंद करायची. डॉक्टरला किंवा घरच्यांना ते मान्य नसेल तर त्यांनी मंडळाकडे जायचं असतं, आपल्या मनानं मोडायचं नसतं. एक मर्यादा आहे: तातडीच्या उपचारांना हे निर्देश लागू होत नाहीत. जिवावरचा प्रसंग असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, अगदी तुमच्या गावातला एमबीबीएससुद्धा, जास्तीत जास्त ७२ तासांपुरते तातडीचे उपचार करू शकतो, त्यात दवाखान्यापर्यंत नेणंही आलं. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेऊनच. शॉक मात्र या तातडीत देता येत नाहीत.

प्रतिनिधी म्हणून त्यानं तुम्हाला नाही, एखाद्या मित्राला नेमलं तर मनाला लावून घेऊ नका. उलट ते बरं. बहीण बहीण राहते आणि सही दुसऱ्याची होते.

सुरुवातीची लक्षणं त्याच्याचकडून लिहून घ्या. बहुतेकांचं पहिलं लक्षण झोप उडणं हेच असतं, पुढचं प्रत्येकाचं वेगळं: कुणी मोबाइल बंद करून डब्यात ठेवतो, कुणी खिडक्यांना कागद चिकटवतो. दोन रात्री झोप नसेल तर तिसऱ्या दिवशी ओपीडी, विळ्याची वाट बघायची नाही. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलतात. हिंसा चालू असेल तर ११२. पोलिसांना सांगताना "मारहाण करतोय" एवढंच नका सांगू, "मानसिक आजार आहे, औषधं चालू आहेत, दवाखान्यात न्यायचंय" असं सांगा. आजारपणापोटी संरक्षणात घेतलेल्या माणसाला पोलिसांना कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं. आणि विळे, कोयते, कीटकनाशकाचा डबा हे आज, सगळं ठीक असताना, घराबाहेर कुलपात गेलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट, तुमच्याशी थेट संबंध नसला तरी विषय निघाला आहे म्हणून. काही व्यसनमुक्ती केंद्रं 'घरून उचलून नेतो' अशी जाहिरात करतात. चार धिप्पाड माणसं गाडी घेऊन येतात, हात मागे बांधून माणसाला उचलतात, तीन महिने घरच्यांना भेटू देत नाहीत. व्यसनातून झालेला मानसिक आजारही याच कायद्यात येतो. नोंदणी नसलेल्या जागेत असे उपचार करणं गुन्हा आहे, आणि भेटीगाठी, फोन हा आतल्या माणसाचा हक्क आहे. कुणी नातेवाईक असं काही सुचवेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आगाऊ निर्देशात काय लिहावं हे भावाला सुचणार नाही, म्हणून माझ्या एका रुग्णबाईंनी लिहिलेल्या ओळी त्यांच्या परवानगीनं देतो. "हॅलोपेरिडॉलनं माझी मान अकडते, ते नको, दुसरं द्या. माझा चश्मा काढू नका, मला दिसलं नाही की मी जास्त घाबरते. पुरुषांनी धरू नये. बांधावंच लागलं तर घड्याळ दिसेल असं ठेवा आणि किती वाजता सोडणार ते सांगा. भावजयीला कळवा, नवऱ्याला सकाळी कळवा." गेल्या वर्षी त्यांना पुन्हा दाखल करावं लागलं. कागद फाइलमध्ये वरच होता. दोन सिस्टर चश्म्यासकट त्यांच्याजवळ बसल्या, बांधावं लागलं नाही.

तुमच्या भावाचा कागद तयार झाला की एक प्रत डॉक्टरांच्या फाइलमध्ये, एक त्यानं नेमलेल्या माणसाकडे, आणि एक घरात रेशनकार्ड ठेवता त्या पिशवीत ठेवा. रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसांना तीच एक पिशवी कुठे आहे ते आठवतं.